मंगळवेढ्याची पत

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. येथील काळी, खोल जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी पिकते. बहामनी अमदानीत दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उपाशी रयतेला खुली केली, ही कथा आजही घरोघर सांगितली जाते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला भाव आला की भेसळीचा मोहही येतो. दुसरीकडची ज्वारी या नावाने खपवणारा एका हंगामापुरते कमावतो, पण गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची पत घालवतो. व्यापारी बांधवांनो, मंगळवेढ्याचा माल वेगळा ठेवा, पावतीवर गावाचे नाव खरेच लिहा. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.