विषय लहान घ्या, प्रश्न मोठा विचारा!

विद्यापीठाच्या कोणत्याही ग्रंथालयात जाऊन आपल्या मुलामुलींचे प्रबंध चाळावेत. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सामाजिक विचार : एक अभ्यास’, ‘महाराष्ट्रातील दलितांच्या समस्या’ अशी शीर्षके हमखास आढळतात. त्यामागची तळमळ प्रामाणिक असते. पण अवघा समुद्र दोनशे पानांत मावणार कसा? मग दहा पुस्तकांतले उतारे उचलून अकरावे पुस्तक तयार होते. पदवी मिळते, समाजाच्या हाती मात्र नवे काही लागत नाही. अशा प्रबंधाने व्यवस्थेच्या केसालाही धक्का लागत नाही.

खुद्द बाबासाहेबांनी काय केले? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जातीचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते, त्यावर कितीही लिहिता आले असते. तरीही जातीचा उगम, यंत्रणा आणि प्रसार एवढ्यापुरतेच बोलेन, अशी मर्यादा त्यांनी सुरुवातीलाच आखून घेतली. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तपासल्या आणि एकाच मुद्द्यावर बोट ठेवले : जातीतल्या जातीत लग्न. त्या एका धाग्यावरून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा जातीशी असलेला संबंध त्यांनी उलगडून दाखवला. विषय मूठभर होता, पण घाव वर्मी बसला. पुढे अर्थशास्त्रातही तेच. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी ब्रिटिश भारताचे सारे अर्थकारण घेतले नाही, प्रांतिक वित्ताची उत्क्रांती एवढेच घेतले.

आता २०२२ सालची गोष्ट आठवा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची नियमावली बदलली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे बडोद्याच्या शिष्यवृत्तीला १९१३ साली अशी अट असती, तर त्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याला जातीवर संशोधनच करता आले नसते! ज्यांनी जात भोगली त्यांनीच जातीवर संशोधन करू नये, हा कुठला सामाजिक न्याय? विषय कोणी निवडायचा, हा सत्तेचा प्रश्न आहे. म्हणून या अटीविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण जो हक्क मागतो, त्याने तो नीट वापरूनही दाखवला पाहिजे.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. एखाद्या विद्यार्थिनीला ‘शिष्यवृत्ती आणि दलितांचे शिक्षण’ हा विषय घ्यायचा आहे. तिने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. कुठे? आपल्या तालुक्यातील एका महाविद्यालयात. कधी? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत. कोण? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मुली. नेमके काय? शिष्यवृत्तीची रक्कम किती महिने उशिरा आली आणि तेवढ्या काळात किती मुलींनी शिक्षण सोडले? आता हा विषय सहा महिन्यांत पुरा होईल आणि त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात आयते मिळणार नाही.

विषय पक्का करण्याआधी आणखी एक कसोटी लावावी : पुरावा मिळेल का? महाविद्यालयाचे दप्तर, समाजकल्याण कार्यालयाच्या नोंदी, मुलींच्या मुलाखती. नोंदी दाखवत नसतील तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुरावाच मिळणार नसेल तर प्रश्न बदलावा, निष्कर्ष मात्र आधी ठरवून ठेवू नये. उशीर झाला पण गळती झाली नाही असे दिसले, तर तेही लिहावे. मग त्या मुली कशाच्या बळावर टिकल्या, हा पुढचा प्रश्न उभा राहील.

‘मार्गदर्शकांनी दिला तो विषय घेतला’ असे अनेकजण सांगतात. मार्गदर्शकाचा मान ठेवावा, पण प्रश्न आपलाच असावा. आपल्या वस्तीतला, आपल्या आईच्या कामातला, आपल्या गावच्या गायरानातला. अशा शंभर लहान प्रबंधांतून जे सत्य उभे राहील, ते कोणत्याही मंत्रालयाला नियमावलीतून वगळता येणार नाही.

‘शिका’ या आदेशाचा आज हाही एक अर्थ आहे!