कच्च्या दुव्याचा व्यायाम

टोकियो ऑलिंपिकमध्ये २४ जुलै २०२१ रोजी मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा देशभर तिच्या ११५ किलोच्या क्लीन अँड जर्कची चर्चा झाली. पण त्या दिवशीचा खरा धडा दुसऱ्याच आकड्यांत होता. क्लीन अँड जर्कमध्ये सुवर्णविजेती चिनी खेळाडू होऊ झिहुई ११६ किलोंवर होती, म्हणजे मीराबाईपेक्षा अवघा एक किलो पुढे. स्नॅचमध्ये मात्र होऊने ९४ किलो उचलले आणि मीराबाईने ८७. एकूण २१० विरुद्ध २०२. आठ किलोंच्या फरकातले सात किलो एकट्या स्नॅचमध्ये गेले होते.

हे दोन प्रकार वेगळे आहेत. क्लीन अँड जर्कमध्ये वजन आधी खांद्यावर घेतात आणि मग डोक्यावर ढकलतात. स्नॅचमध्ये हातांची पकड रुंद असते, वजन जमिनीवरून एकाच झटक्यात वर जाते आणि खेळाडू खोल बैठकीत त्याच्याखाली शिरतो. त्या क्षणी सगळा भार ताठ हातांवर, खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर येतो. चांगल्या खेळाडूचा स्नॅच त्याच्या क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के असावा, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. होऊचे प्रमाण ८१ टक्के होते, मीराबाईचे जेमतेम ७६. पायांत ताकद भरपूर आहे, अडचण असेल तर ती वरच्या बाजूला, असे हे आकडे सुचवतात.

त्यामागे एक दुखणेही होते. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न फसले होते. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळाले आणि लगेच कंबरदुखीने गाठले. त्या वर्षीची आशियाई स्पर्धा हुकली. दुखणे रेंगाळत राहिले. अखेर २०२० मध्ये ती अमेरिकेत गेली. तिथले फिजिओथेरपिस्ट आणि माजी वेटलिफ्टर डॉ. आरोन हॉर्शिग यांनी तपासल्यावर खांद्यांतला असमतोल समोर आला.

दुखते कंबर आणि दोष खांद्यात, हे ऐकायला विचित्र वाटते. पण शरीराची रचना पाहिली की उलगडते. डोक्यावर वजन धरताना खांदा आणि त्यामागचे फऱ्याचे हाड पुरेसे फिरले नाही, की शरीर उरलेला कोन कमरेतून काढते. कंबर मागे वाकते आणि मणक्यांच्या सांध्यांवर ताण येतो. हे रोज शेकडो वेळा घडले, की कंबर तक्रार करू लागते. बिचारी कंबर दुसऱ्याचे काम करून थकलेली असते.

अशा वेळी उपयोगी पडतात ते साहाय्यक व्यायाम. ऑलिंपिकमध्ये प्रकार दोनच, पण खेळाडूच्या सरावाचा मोठा वाटा या दोहोंबाहेरचा असतो. पुढून आणि मागून वजन घेऊन केलेल्या बैठका पायांचे बळ वाढवतात. जमिनीवरून वजन ओढण्याचे ‘पुल’ प्रत्यक्ष स्पर्धेपेक्षा जड वजनाने करता येतात. गुडघे किंचित वाकवून कमरेतून झुकण्याचे डेडलिफ्ट मांडीचा मागचा भाग घडवते. ‘पुश प्रेस’ जर्कला बळ देते. रोइंग आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम फऱ्याचे हाड जागेवर धरणाऱ्या लहान स्नायूंना जागे करतात. प्लँकने धड एकसंध राहते. एका पायावरच्या बैठका डाव्या-उजव्यातला फरक उघड करतात. यातल्या एकाही व्यायामाला पदक नाही, टाळ्या नाहीत.

महाराष्ट्रातल्या तालमींना ही गोष्ट नवी नाही. कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते. तिच्यामागे हजारो जोर-बैठका, दोर चढणे, मुद्गल फिरवणे आणि हौद्याची माती खणणे असते. मुद्गल फिरवताना खांदा सर्व दिशांनी फिरतो आणि प्रत्येक दिशेला सावरायला शिकतो. आजच्या अनेक जिममध्ये मात्र आरशात दिसणारी छाती आणि दंड एवढाच व्यायाम उरला आहे. पाठ, नितंब आणि खांद्यामागचे स्नायू आरशात दिसत नाहीत, म्हणून ते विसरले जातात. त्यात मोबाइलवर चित्रफीत पाहून थेट जड वजनाला हात घातला जातो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात. हे अंतर घाईने ओलांडले, की खांदा किंवा कंबर धरते.

मग साहाय्यक व्यायामांनी मीराबाईला नेमके काय दिले? अमेरिकेहून परतल्यावर एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने ११९ किलोचा क्लीन अँड जर्क करून विश्वविक्रम केला. स्नॅचमधली तफावत मात्र पुरती मिटली नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली एकूण १९९ किलो उचलूनही कांस्यपदक एका किलोने हुकले. पण २०१८ मध्ये जी कारकीर्द कंबरेपाशी अडली होती, ती चालू राहिली. २०२५ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, नॉर्वेतल्या जागतिक स्पर्धेत तिने पुन्हा रौप्य मिळवले. साहाय्यक व्यायामांचे मोल किलोंत मोजण्यापेक्षा वर्षांत मोजणे अधिक योग्य ठरेल. ते खेळाडूला उंच नेतातच असे नाही, पण मैदानात टिकवतात.

म्हणूनच एक प्रश्न बोचतो. जगज्जेत्या खेळाडूच्या खांद्यातला दोष सापडायला अमेरिका गाठावी लागली. मग तालुक्याच्या व्यायामशाळेत सराव करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचे काय? तिची कंबर दुखली, की एक वेदनाशामक गोळी आणि आठ दिवसांची विश्रांती मिळते. गोळी दुखणे झाकते. कच्चा दुवा दाखवत नाही. आठ दिवसांनी ती त्याच चुकीच्या पद्धतीने पुन्हा वजन उचलते आणि सहा महिन्यांत खेळ सोडते. जिल्हा पातळीवर महागडी यंत्रे आणण्याआधी खेळाडूंच्या हालचाली तपासणारा एक फिजिओथेरपिस्ट नेमला, तर अशा कित्येक मुली वाचतील.

दोष डॉक्टरांकडेही जातो. पाठ दुखली की ‘वजन उचलू नका’ हा सल्ला सहज दिला जातो. गंभीर दुखापतीत तो काही काळ योग्यच. पण आयुष्यभरासाठी दिला, तर तोच आजार ठरतो. तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्यांचे स्नायू दर दशकाला घटत जातात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच शोषतात, म्हणून स्नायू घटले की मधुमेहही आवरेनासा होतो. नुसते चालणे याला पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवले आहेत. बायकांनी वजन उचलू नये, हा समज तर सोडूनच द्यावा. डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेणाऱ्या बाईला तो कधी कोणी सांगितला नव्हता.

सामान्य माणसाला स्नॅचची गरज नाही. साहाय्यक व्यायामांची आहे. आधी आपला कच्चा दुवा शोधावा. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता येते का? कशालाही न धरता एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? दोन्ही हात कंबर न वाकवता कानांपर्यंत वर जातात का? जिथे अडते, तिथून सुरुवात करावी. खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टी ओढणे आणि पाठ सरळ ठेवून पाण्याची अर्धी बादली उचलणे एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने सहज जातात. जोर लावताना श्वास सोडावा. स्पर्धक श्वास कोंडतात तो मणक्याला आधार देण्यासाठी; पण त्याने रक्तदाब एकदम चढतो. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सत्तरीतल्या बाईने आधाराशिवाय खुर्चीतून उठणे, याला कोणी पदक देत नाही. पण स्वतःच्या पायावर न्हाणीघरापर्यंत जाता येणे आणि त्यासाठी दुसऱ्याचा हात लागणे, यात तेवढेच अंतर असते.