तंजावरच्या काचपेटीत ॲमेझॉन कशाला?

मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि कल्लणै बंधाऱ्यापाशी फाटे फुटून कावेरी, वेण्णार व त्यांच्या पोटकालव्यांतून त्रिभुज प्रदेशातल्या गावोगावी पोहोचते. त्याआधी वायक्काल, म्हणजे शेताकडे पाणी नेणारे पाट, उपसावे लागतात. गाळ निघतोच, त्याच्यासोबत जलपर्णीचे ढीगही निघतात. तमिळमध्ये तिला आगायत्तामरै, आकाशकमळ, असे देखणे नाव आहे. देखणेपणाच्या जोरावरच ही ॲमेझॉनची पाहुणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात शोभेसाठी आली. हौसेने आणलेली वनस्पती पाटात उतरली की काय होते, याचा पुरावा काठावर वाळत पडलेला असतो. म्हणून तंजावर-कुंभकोणम भागात घरी फिशटँक लावणाऱ्यांनी त्यात जिवंत वनस्पती जरूर लावाव्यात, पण त्या इथल्याच भातखाचरांतल्या आणि तळ्यांतल्या असाव्यात.

जिवंत वनस्पतींच्या उपयोगाबद्दल वाद नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साचतो. वाढती रोपे तो थेट शोषून घेतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढतात. प्रश्न निवडीचा आहे. दुकानातल्या पोस्टरवरचे लालचुटूक रोप बहुधा प्रखर दिवे, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि पंचवीसेक अंशांचे पाणी मागते. तंजावरच्या मे महिन्यात ते कुठून आणायचे? पाने पारदर्शक होऊन गळू लागतात आणि दोष नवशिक्याच्या माथी येतो. याउलट हायड्रिला, वॅलिसनेरिया, ब्राह्मी उन्हाने तापलेल्या पाण्याला सरावलेल्या असतात. तळाशी दोन बोटे चाळलेली माती, वर वाळूचा तेवढाच थर, एवढ्यावर त्या तग धरतात. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडलेली मातीची पद्धत साधारण हीच. फक्त ताजे खत घातलेली माती घेऊ नये, नाहीतर अमोनिया घटण्याऐवजी वाढतो.

देशी वनस्पती दिसायला साध्या, असा आक्षेप येतो. तो नजरेच्या सवयीचा आहे. त्या काळी डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडीला १७६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचे शिष्य कोनिग आले. त्यांनी इथून धाडलेल्या वनस्पतींची वर्णने स्वीडनमध्ये रेट्झियस यांनी छापली. त्याच रेट्झियस यांनी १७७९ मध्ये क्रिप्टोकोराइन स्पायरॅलिस या देशी पाणवनस्पतीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिची नागमोडी, फितीसारखी पाने आज युरोपातले हौशी लोक पैसे मोजून टाकीत लावतात. रोटाला आणि लिम्नोफिला यांचीही तीच गत: आपल्याकडे भातातले तण, तिकडे सजावट.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. हायड्रिलाही पाट तुंबवते, मग देशी-विदेशी भेद कशाला? हायड्रिला साधीभोळी नाही, हे खरेच. १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून ती श्रीलंकेहून फ्लोरिडाला गेली आणि तिथल्या तळ्यांना तिने जेरीस आणले. पण ही गोष्ट माझ्याच बाजूने बोलते. वनस्पती मुळात दुष्ट नसते, तिला भलतीकडे नेऊन सोडणारा हात हौशी माणसाचा असतो. हायड्रिला इथल्या पाण्यात आधीपासूनच आहे. टाकीतून निसटली तरी नवा शत्रू येत नाही. सांडपाणी आणि शेतातले खत हेच खरे गुन्हेगार, असेही म्हटले जाते. ती जलपर्णीला पोसतात, हे मान्य. पण पोसायला आधी जलपर्णी तिथे असावी लागते.

म्हणून दुकानदारांनी पाटातली रोपे ओरबाडण्यापेक्षा कुंडीत वाढवून विकावीत, आणि ग्राहकाने छाटलेली पाने गटारात न टाकता गच्चीवर कडकडीत वाळवून झाडांच्या मुळाशी घालावीत. देशी रोपांनाही हाच नियम लावावा, कारण त्यांच्यासोबत गोगलगायी आणि रोगही जातात. एकदा पसरलेली वनस्पती आवरणे किती कठीण, ते पाहा: शेजारच्या केरळात सॅल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या नेच्याने कालवे आणि भातखाचरे व्यापली, तेव्हा तो खाणारा जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगा १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाहून मागवावा लागला.