ॲपमुळे मुले वाचायला लागतात का? पेण-रोह्याच्या वाड्यांसाठी याचे उत्तर काय?

तिसरीतील मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का? 'असर' अहवाल ग्रामीण भारतात हा साधा प्रश्न विचारतो. २०१८ मध्ये २७.३ टक्के मुलांना असा उतारा वाचता आला. करोनानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. घसरण भरून निघाली, पण चारपैकी जवळपास तीन मुले अजूनही मागेच आहेत.

त्याच २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षांच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. मग हाच फोन धाकट्या भावंडांना वाचायला शिकवू शकेल का?

ॲप नेमके करते काय?

गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात 'बोलो' हे ॲप आणले. पुढे 'रीड अलाँग' या नावाने ते मराठीतही आले. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचते, फोन ते ऐकतो. मूल अडखळले की ॲपमधील 'दिया' तो शब्द उच्चारून दाखवते. बरोबर वाचले की शाबासकी मिळते. एकदा गोष्टी डाउनलोड केल्या की इंटरनेटशिवायही वाचता येते.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे शिक्षकाला शक्य होत नाही. चुकल्यावर कोणी हसेल म्हणून काही मुले तोंडच उघडत नाहीत. फोन कंटाळत नाही आणि हसतही नाही. ॲपचा खरा उपयोग इथे आहे.

परिणाम दिसतो का?

उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात सुमारे २०० गावांत 'बोलो'ची चाचणी झाली. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारले, असे गुगलने सांगितले. ही आकडेवारी कंपनीची आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

स्वतंत्र संशोधनातही आशादायक निष्कर्ष आहेत. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर देण्यात आले. इयत्ता कोणतीही असो, मुलाला जिथपर्यंत येते तिथूनच ते सुरुवात करते. साडेचार महिन्यांत या मुलांची गणित आणि हिंदी, दोन्हींत इतरांपेक्षा जास्त प्रगती झाली. मात्र तिथे ४५ मिनिटे सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात शिकवणी, अशी जोड होती.

याउलट पेरू देशात ग्रामीण शाळांना लॅपटॉप वाटले गेले. सुमारे सव्वा वर्षानंतर गणितात किंवा भाषेत फरक दिसला नाही. यंत्र आले, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

मराठीत अडचण कुठे?

मराठीत 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' सारखाच लिहितात, उच्चार मात्र वेगळा. 'कि'ची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. रफार आणि जोडाक्षरे येताच अनेक मुले अडखळतात. असे टप्पे लक्षात घेऊन बनवलेला मजकूर नसेल तर रंगीत चित्रांचा उपयोग नाही.

दुसरा मुद्दा बोलीचा. पेण भागातील आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'शाळा'चे 'शाला' होते. मुलाने अक्षरे बरोबर ओळखली, शब्द कळला, फक्त घरच्या उच्चारात वाचला. ही वाचनाची चूक नाही. प्रमाण मराठीवर तयार झालेले सॉफ्टवेअर ती चूक धरू शकते. बरोबर वाचूनही वारंवार 'पुन्हा प्रयत्न कर' ऐकावे लागले, तर ते मूल फोनसमोरही गप्प बसेल.

पेण आणि रोह्यात प्रश्न वेगळा का?

या दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचे शिकण्याचे निम्मे वर्ष तिथे जाते. घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी असते. फोन असला तरी तो वडिलांचा असतो, दिवसभर कामावर जातो आणि रिचार्ज संपला की बंद पडतो. सर्वेक्षणात 'घरी फोन आहे' अशी नोंद होते, पण तो मुलाच्या हाती किती वेळ येतो हे त्यातून कळत नाही.

मग करायचे काय?

पहिले पाऊल, पातळी तपासणे. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, या चार पायऱ्यांवर मूल कुठे आहे हे पाच-दहा मिनिटांत कळते. त्यासाठी ॲप लागत नाही.

दुसरे, उपकरण घराऐवजी शाळेत किंवा वाडीवर ठेवणे. गोष्टी आधीच डाउनलोड करून रोज अर्धा तास मुलांना द्यावा आणि जवळ ऐकणारे मोठे माणूस असावे. बोलीतला उच्चार आणि खरी चूक यांतला फरक त्यालाच कळेल.

तिसरे, स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर मुलाची वाचनपातळीही नोंदवावी, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला पुन्हा 'अ आ इ'पासून सुरुवात करावी लागणार नाही.

चौथे, काही महिने नियमित सराव करूनही मूल अक्षरांतच अडकत असेल, तर दृष्टी, श्रवण आणि डिस्लेक्सियाची तपासणी करावी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. ॲप हे निदान करत नाही.

'निपुण भारत' अभियानाचे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे आहे. त्यासाठी किती टॅबलेट वाटले याची यादी पुरेशी नाही. दिवाळीला भट्टीवर गेलेले मूल जूनमध्ये परत आल्यावर किती वाचते, हे शिक्षण विभागाने वाडीनिहाय जाहीर करावे. योजनेचे यश त्यावरूनच ठरेल.