पदकाची कड

आमच्या ओळखीच्या एका विद्वानांनी परवा व्याख्यानात सांगून टाकले, की ब्रिटिश अमदानीत रुग्णवाहिका-सेवेबद्दल गोऱ्या बायकांना मिळालेली पदके म्हणजे साहेबाने मडमेच्या अंगावर घातलेले दागिने. सरकार जुलमी, म्हणून पदक खोटे; पदक खोटे, म्हणून सेवाही खोटी; सबब संग्रहालयांनी त्यासाठी जागा अडवू नये. टाळ्या पडल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

कारण त्याच आठवड्यात पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात, मला असे एक पदक मिळाले होते. सेंट जॉन रुग्णवाहिका दलाचे. फितीचे काळे-पांढरे पट्टे विटलेले. एका अंगाला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. राणी १९०१ साली गेली, पण या पदकावरून तिला पुढे कोणी हलवलेच नाही. आणि कडेवर बारीक कोरलेले एका बाईंचे नाव. हे पदक एका दिवसाच्या धाडसाचे नव्हे. वर्षानुवर्षे कवायतीला हजर राहायचे, बँडेज बांधायचे, स्ट्रेचर उचलायचे, तेव्हा ते मिळे. मग पाच-पाच वर्षांनी फितीवर एकेक पट्टी चढे. दागिन्याच्या हौसेने कुणी एवढी वर्षे रक्तापुवात हात घालीत नाही.

देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचे काम या दोन गोष्टी आहेत, एवढेच या विद्वानांना उमगत नाही. त्यांना गांधीजी मान्य आहेत ना? मग तेच घेऊ. बोअर युद्धात आणि १९०६ च्या झुलू बंडात जखमींना वाहून नेणारी भारतीय पथके उभी केल्याबद्दल गांधीजींना पदके मिळाली. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकसेवेबद्दल १९१५ साली कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. १९२० च्या ऑगस्टात त्यांनी तिन्ही परत केली. परत केला तो धातू. ज्या झुलूंना गोरे हात लावायला तयार नव्हते, त्यांच्या फटके खाऊन चिघळलेल्या जखमा गांधीजींच्या पथकाने धुतल्या होत्या. ते काम परत करता येत नाही, आणि गांधीजींनी ते कधी नाकारलेही नाही. सरकार जुलमी होतेच. जखम धुतली गेली, हेही तितकेच खरे. पंडिता रमाबाईंना १९१९ साली कैसर-ए-हिंद मिळाले, म्हणून त्यांचे केडगावचे निराधार बायकामुलांसाठीचे काम खोटे ठरवायचे का? तसे म्हणायची या व्याख्यात्यांची छाती आहे?

‘सावित्रीबाईंना कुठे पदक मिळाले?’ हा त्यांचा हुकमी प्रश्न. नाही मिळाले. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता १० मार्चला त्या गेल्या. तो कलंक सरकारचा. स्ट्रेचरचे दुसरे टोक धरणाऱ्या बाईचा नव्हे.

‘सेवा फक्त गोऱ्यांची झाली,’ म्हणे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून मुंबई बंदरात उतरवलेल्या जखमींत आपलेच शिपाई किती होते, ते बघावे.

वस्तू हलवायचा हा हट्टही जुनाच. मुंबईतला सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत गेला; त्या जागेला लोक अजून काळा घोडाच म्हणतात. त्याच जागेशेजारच्या, आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिरवणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ होते. अशी पदके ठेवायला याहून योग्य जागा कोणती?

माझे मागणे साधे आहे. पदके नावानिशी मांडावीत. त्याच कपाटात डोलीवाल्यांची, मेहतरांची, आयांची नोंद असावी; त्यांनीही तेच जखमी उचलले, पण त्यांची नावे कुणी कडेवर कोरली नाहीत. पगारपत्रकात सापडतील तेवढी नावे लिहावीत.

आणि वाचकहो, तुमच्या घरच्या पेटीत असे पदक असेल तर ते मोडीत घालू नका, चिंचेने घासूही नका, अक्षरे झिजतात. भिंगाखाली धरा, कडेवरचे नाव उतरवून घ्या आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा.