दोन मीटरची नडगी

क्विझमध्ये जगातला सर्वांत मोठा डायनासोर विचारला की कोणीतरी छाती फुगवून सांगतोच, "आपला बृहत्कायोसॉरस!" टाळ्याही पडतात. माझं म्हणणं एवढंच, की टाळ्यांआधी त्या हाडांचं पुढे काय झालं ते विचारा.

तमिळनाडूत कल्लमेडू गावाजवळ, सुमारे सात कोटी वर्षं जुन्या खडकांत ती मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८७ मध्ये वर्णन छापलं. कमरेचं, मांडीचं, नडगीचं, पुढच्या पायाचं हाड आणि शेपटीचा एक मणका, बस्स. एकटी नडगी दोन मीटर! आधी हा प्राणी मांसाहारी ठरला, १९९५ मध्ये लांब मानेच्या शाकाहारींत गेला. (मान मात्र सापडलेलीच नाही.) हाड कसलं, दगड झालेला झाडाचा बुंधा असेल, अशीही शंका निघाली.

शंका फेडायला हाड समोर हवं ना? तेच नाही. हाडं मुळात ठिसूळ, त्यात दमट हवा. प्लास्टरच्या वेष्टणातच, ऑफिसात पोचायच्या आत त्यांचा भुगा होऊ लागला, हे २०१७ मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये जुने फोटो प्रसिद्ध झाले आणि ते डायनासोरचंच हाड होतं या मताला बळ मिळालं. २०२३ मध्ये वजनाचा अंदाज आला, ११० ते १३० टन. आता बघा, वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. लांबीत १० टक्के चूक म्हणजे वजनात ३३ टक्के! आणि पुन्हा मोजायची सोय नाही. वायवाला असं रीडिंग सांगून बघा, सर जर्नल भिरकावतील.

त्या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी निदान शोधलं तरी. मला राग आहे तो आपल्या 'सर्वांत मोठा'च्या हौसेचा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. मुठीत मावणारे खडे, पण त्यांतच गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोर गवतही खात होते हे २००५ मध्ये जगाला कळलं. क्विझमध्ये हे कोणी विचारत नाही.

तेव्हा सिव्हिलवाल्यांनो, उद्या साइटवर कटिंगमध्ये हाडासारखं काही दिसलं तर जेसीबी थांबवा. उपटू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा, ताडपत्रीने झाका आणि जवळच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटला फोन लावा. कॉन्ट्रॅक्टर ओरडेल. ओरडू दे.