मंचावर कोण बसणार, हे ठरवतो कोण?

नांदेडला संगीत शंकर दरबार भरतो. माळेगावच्या खंडोबा यात्रेत जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव होतो. लातूरला सुरतशाहवली दर्ग्याचा आणि कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. म्हणजे आपल्याकडे गाण्याला गर्दी नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण कलाकार कुणी निवडले, किती बिदागीत, कुणाला वगळून, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

मुळात कलाकार ठरवणं हे स्वतंत्र काम आहे. २००७ साली गोव्यात ‘सनबर्न’ आणि २०१० साली पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला. अशा महोत्सवांमागे पगार घेऊन हेच काम करणारी माणसं असतात. कोण नवं गातंय ते ऐकायचं, तारखा जुळवायच्या, मानधन ठरवायचं, करार लिहायचा, प्रवास-मुक्काम पाहायचा. यातूनच त्यांचं करिअर घडतं.

हे परदेशी खूळ आहे, असं समजायचं कारण नाही. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं येतात, भाव ठरतो, इसार दिला जातो, सुपारी पक्की होते. फडाचा मॅनेजर हा आपला जुना बुकिंग एक्झिक्युटिव्हच. शास्त्रीय संगीतात भीमसेन जोशींनी १९५३पासून गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव उभा केला आणि कलाकारांशी असलेला आपला घरोबा त्यासाठी वापरला. ते सवाई गंधर्व किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. जाणकार माणसानं निवड केली की ती परंपरा किती काळ टिकते, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे काय चालतं? निवड पुढाऱ्याचा पीए करतो, नाहीतर समितीचा अध्यक्ष करतो, नाहीतर मुंबई-पुण्याच्या इव्हेंट कंपनीला ठेका जातो. टीव्हीवर दिसलेला चेहरा आणला की काम झालं. स्थानिक शाहीर, भजनी मंडळ, वाघ्या-मुरळी यांना पाहुणे येईपर्यंतची वेळ भरून काढायला बसवतात. हातात शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात किती, हे घरी गेल्यावर कळतं. त्याला मानधन म्हणायचं?

आणि यात आपला समाजही मागे नाही. उरुसातला कव्वालीचा मुकाबला असो की मुशायरा, कमिटीचा हिशेब तोच. बाहेरच्या नावाला विमानाचं तिकीट, गावातल्या शायराला सुरुवातीची दहा मिनिटं, तीही फुकट. त्यानं मानधनाचा विषय काढला की ‘ही तर बुजुर्गांची खिदमत आहे’ असं ऐकवायचं. मग मंडपवाल्याकडून, साउंडवाल्याकडून खिदमत का मागत नाही? संगीत हराम की हलाल, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. पण ज्यांना रात्रभर कव्वाली हवी असते, त्यांनी कव्वालाची मजुरी बुडवू नये, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

‘लोकांना मोठीच नावं हवी असतात’ हा नेहमीचा युक्तिवाद. अर्ध्यावर खरा आहे. मोठ्या नावावर गर्दी जमते, हे मान्य. पण जमलेल्या गर्दीला नवा आवाज ऐकवणं हेच तर निवडणाऱ्याचं कसब. बार्शीच्या मेहबूब पटेलला लोकांनी ऐकलं, म्हणून तो शाहीर अमर शेख झाला. ऐकवलंच नाही तर लोक मागणार कुठून?

मागण्या साध्या आहेत. जिथं सरकारचा किंवा जिल्हा परिषदेचा पैसा लागतो, तिथं निवड समितीची नावं आणि दिलेलं मानधन जाहीर करा. मुख्य वेळेतला ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या कलाकारांना द्या. करार लेखी करा, इसार आधी द्या. दर्गा कमिट्यांनी यासाठी सरकारची वाटही पाहू नये.

लातूर पॅटर्ननं पोरांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा रस्ता दाखवला. पण याच भागातली कितीतरी पोरं उरुसाचा मंडप, माइक, कव्वालांचा मुक्काम वर्षानुवर्षं सांभाळतात. आपण त्यांना ‘रिकामटेकडी’ म्हणतो. त्यांना करार लिहायला, हिशेब ठेवायला शिकवा आणि कामाचा पगार द्या. पुढच्या उरुसाच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढलाच पाहिजे.